क्लावे, चावी आणि रिकामी सम

साल्सा या लॅटिन अमेरिकी नाच-संगीतावरच्या लेखाचं मराठी करताना तुम्ही ‘क्लावे’पाशी, म्हणजे त्या संगीताला धरून ठेवणाऱ्या आघातांच्या नमुन्यापाशी अडलात. शब्दकोशात ‘किल्ली’ दिलंय, तेव्हा ‘चावी’ लिहावं की ‘ठेका’, असं विचारलंत. माझं उत्तर: दोन्ही नको. पण ‘चावी’ सुचणं अगदी रास्त आहे, आणि त्यामागची गंमत सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी कोल्हापूरकडची. गेली काही वर्षं काली इथे (देवी नव्हे, कोलंबियातलं शहर) स्पॅनिश-इंग्रजी भाषांतरं करते. काम बरंचसं साखर कारखान्यांचं, कारण शहराभोवतीच्या खोऱ्यात नजर जाईल तिथे ऊस. इथला ‘पानेला’ म्हणजे आपला गूळ आणि ‘त्रापिचे’ म्हणजे गुऱ्हाळ, त्यामुळे परकं असं फारसं वाटलंच नाही. दिवसभर बॉयलर आणि बगॅस (उसाचा चोथा), संध्याकाळी साल्सा. हे शहर स्वतःला साल्साची राजधानी म्हणवतं. इथल्या जुन्या मंडळींनी न्यूयॉर्कहून आलेल्या, मिनिटाला 33 फेऱ्यांच्या तबकड्या 45 फेऱ्यांवर लावून नाचायला सुरुवात केली, म्हणून इथल्या पायांचा वेग बघणाऱ्याला दमवतो.

आता शब्द. लॅटिनमधल्या ‘क्लाविस’चं, म्हणजे किल्लीचं, स्पॅनिशमध्ये बोलीतून झिजत ‘यावे’ झालं आणि पोर्तुगीजमध्ये ‘शावे’. सुरुवातीच्या ‘क्ल’ची स्पॅनिशमध्ये अशी गत होते आणि पोर्तुगीजमध्ये तशी, ‘हाक मारणे’ म्हणजे स्पॅनिश ‘यामार’ आणि पोर्तुगीज ‘शामार’, तोच प्रकार. पोर्तुगीज शब्द गोव्या-कोकणात उतरला आणि ‘चावी’ झाला. लॅटिनचा हाच शब्द स्पॅनिशने पुढे पुस्तकी वाटेनेही उचलला, तो ‘क्लावे’. म्हणजे आमच्या आजीच्या कनवटीची चावी आणि साल्साची क्लावे या सख्ख्या चुलत बहिणी. दोन्ही स्त्रीलिंगी, हेही जाता जाता. आपण नळाच्या खटक्यालाही चावी म्हणतो आणि पाणी सोडणाऱ्याला चावीवाला. इथेही नळाला ‘यावे’च म्हणतात. घरमालकीणबाई ‘यावे बंद करा’ असं ओरडल्या तेव्हा मी पहिल्यांदा दाराकडे धावले होते.

‘क्लावे’ मात्र किल्लीच्या मूळ अर्थापासून बरीच लांब आली आहे. बँकेच्या यंत्रावर ती पिन असते, पत्रात सांकेतिक लिपी, स्वरलेखनात ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह. संगीतात परत दोन अर्थ: ज्यांवर वाजवायचं त्या लाकडी दांड्या, आणि त्यांवर वाजणारा पाच आघातांचा नमुना. क्यूबाचे अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी दांड्यांचं नातं हवानाच्या गोदीत जहाजं जोडायला वापरल्या जाणाऱ्या लाकडी खुंट्यांशी, ‘क्लाविहां’शी जोडलं. नमुन्याची मुळं मात्र पश्चिम आफ्रिकेत. गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर तो आला. दांड्यांना मराठीत खुशाल ‘टिपऱ्या’ म्हणा, वाचकाला आकार लगेच कळेल. खरी अडचण नमुन्याची आहे.

‘ठेका’ का नको, ते टाळी देऊन बघा. तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा, जरा द्रुत, आणि 1, 4, 7, 11, 13 वर टाळ्या द्या. पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन. हिला तीन-दोनची क्लावे म्हणतात. आता चाल दुसऱ्या अर्ध्यापासून सुरू करा: 3, 5, 9, 12, 15. ही दोन-तीन. पहिल्या मात्रेवर काहीच नाही, सम रिकामी! वर बास वाजवणारा समेच्या दोन मात्रा आधीच पुढच्या स्वरावर जाऊन बसतो आणि समेवर गप्प राहतो. आपला ठेका समेवरून निघतो आणि गवय्याला समेवर आणून सोडतो, तेव्हाच ऐकणाऱ्याची मान हलते. क्लावे कुणाला कुठे आणून सोडत नाही. बरेचदा तर ती कुणी वाजवतही नसतं. पियानो, कोंगा (हाताने वाजवायचे उंच ढोल), तुताऱ्या, गाणारा, सगळे तिला टेकून चालतात आणि ती नुसती मनात चालू असते. न वाजणारा ठेका ही आपल्याकडे तक्रार झाली असती.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. इथे ‘विएहोतेका’ असतात. ‘विएहो’ म्हणजे म्हातारा, बाकीचं डिस्कोथेकवरून घ्या. रविवारी दुपारी सत्तरीतले आजी-आजोबा कडक इस्त्री करून नाचायला येतात आणि काहीजण घरून घंटा, मराका (खुळखुळे) घेऊन येतात, तबकडीबरोबर वाजवायला. पहिल्याच वर्षी अशा एका ठिकाणी मी समेवर ठणठणीत टाळ्या देत बसले होते, तालाच्या गावची असल्याच्या थाटात. शेजारच्या टेबलावरचे आजोबा थोडा वेळ सोसत राहिले. मग माझा हात हलकेच टेबलावर दाबून म्हणाले, ‘एस्कुचा प्रिमेरो, मिहा.’ आधी ऐक, पोरी. त्यांनी खिशातून टिपऱ्या काढल्या, गाणं संपेपर्यंत माझ्या कानाशी वाजवल्या आणि मग नाचायला निघून गेले.

मग ‘चावी’ का नको? कारण मराठीत चावी दिली जाते: घड्याळाला, खेळण्याला, भांडायला निघालेल्या माणसाला. ‘साल्साची चावी’ वाचलं की मनात काहीतरी फिरवलं जातं. व्युत्पत्ती जुळली म्हणून अर्थ जुळत नाही. अनुवादकाला हा मोह पडला की समजावं, काम सोडून आपण खेळत बसलो आहोत. (मी बसते. पैसे शब्दावर मिळतात, तरी बसते.)

तेव्हा ‘क्लावे’च ठेवा, स्त्रीलिंगी, आणि मराठीपण क्रियापदांत आणा. क्लावे धरली, क्लावे सुटली, गाणं क्लावेत आहे. वाजवणारा तिच्या उलट्या अंगाला गेला की इथे ‘क्रुसादो’ म्हणतात, शब्दशः ‘आडवा गेलेला’. त्याला ‘क्लावे उलटली’ म्हणता येईल. ‘बेताल’ म्हणू नका, कारण असा माणूस लयीत पक्का असू शकतो, फक्त चुकीच्या अर्ध्यात उभा असतो.

उच्चाराचं: स्पॅनिशमध्ये ब आणि व एकच, आणि दोन स्वरांमध्ये तो इतका मऊ होतो की मराठी ‘व’ त्याला बरोबर बसतो. ‘क्लाबे’ लिहू नका.

आणि न विचारलेलं एक. तुमच्या लेखात पुढे ‘कोरो’ येईलच: मुख्य गायक ऐनवेळी ओळी रचत जातो आणि मागचे तीच ओळ परत परत म्हणतात. तिथे ‘समूहगान’ लिहाल तर मला वाईट वाटेल. शाहिरामागे उभे असतात त्यांना आपल्याकडे झीलकरी म्हणतात आणि ते झील धरतात. कोरो म्हणजे झील. तिथे परका शब्द कशाला?