चार चेहऱ्यांचा डोंगर पाहायला जावे का?

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. जूनमध्ये आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार असून, सगळ्यांनी मोटारीने माउंट रशमोर पाहायला जायचे, असा बेत त्याने आखला आहे. जाण्यालाच सहा तास लागतात. ‘वेरूळचे कैलास पाहिल्यावर ही चार तोंडे कशाला पाहायची,’ असे ह्यांचे म्हणणे आहे. शिवाय माझे गुडघे दुखतात. काय करावे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अवश्य जावे, मात्र वेरूळ मनात धरून गेलात, तर माझी झाली तशी पहिल्या दहा मिनिटांत तुमचीही निराशा होईल. कैलासात आपण आत शिरतो, खांबांमधून हिंडतो; येथे वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन या अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांचे डोंगरात कोरलेले चेहरे लांबूनच पाहायचे असतात, आणि प्रत्येक चेहरा ६० फूट उंच असला तरी शेजारी मापाला काही नसल्यामुळे ती उंची डोळ्यांना पटत नाही.

ती पटते शिल्पकार गट्झन बोरग्लम यांच्या कार्यशाळेत. तेथील प्लास्टरच्या नमुन्यावरचा एक इंच म्हणजे डोंगरावरचा एक फूट, या हिशेबाने पोलादी दोरांना टांगलेल्या पाळण्यांत बसून कामगारांनी १९२७ ते १९४१ या काळात ग्रॅनाइट फोडला. सुमारे नव्वद टक्के दगड सुरुंगाने उडवला आणि शेवटच्या काही इंचांत मधाच्या पोळ्यासारखी जवळजवळ छिद्रे पाडून मधला दगड हाताने काढला. आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावताना ज्याने पाहिले आहे, त्याला या कामावर एकही माणूस दगावला नाही, हे सांगूनही खरे वाटणार नाही. जेफरसन आधी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला कोरायला घेतला होता. दगड ठिसूळ निघाल्याने दीड वर्षाचे काम सुरुंगानेच उडवून त्याला अलीकडे आणावे लागले. नमुन्यातल्या आकृती कमरेपर्यंत आहेत. बोरग्लम १९४१ च्या मार्चमध्ये वारले, पैसाही संपला आणि काम चेहऱ्यांवरच थांबले.

हा डोंगर लकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांना पवित्र आहे, हेही नातवंडांना सांगावे. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८ च्या तहाने हा मुलूख त्यांच्याकडे राहिला होता. पुढे सोने सापडले आणि सरकारने तो घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली भरपाई मंजूर केली, परंतु आम्हाला पैसे नकोत, जमीन हवी, म्हणून ती त्यांनी आजवर उचललेली नाही.

गुडघ्यांची चिंता करू नका. चेहरे पाहण्याच्या मुख्य सज्ज्यापर्यंतची वाट सपाट आहे. पायथ्याकडून फिरणाऱ्या वाटेवर मात्र चारशेहून अधिक पायऱ्या आहेत, ती मुलांना चालू द्यावी. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, गाडी लावण्याचे पडतात. चेहरे आग्नेयेकडे असल्याने उजेड सकाळचाच चांगला. म्हणून एकाच दिवसात परतण्याचा हट्ट न धरता आदल्या रात्री जवळच्या रॅपिड सिटी गावात मुक्काम करावा. तिकडे जाताना दक्षिणेकडून ‘आयर्न माउंटन रोड’ने जावे. वळणे कुंभार्ली घाटाची आठवण करून देतात, तेव्हा गाडी लागणाऱ्याने पोटात थोडेच घालून बसावे. पण त्या रस्त्यावरचे बोगदे असे खोदले आहेत की पलीकडच्या तोंडात थेट ते चार चेहरे दिसतात. तुमच्या यजमानांना पुढच्या सीटवर बसवा.