वडील सांगलीजवळ साखर कारखान्यात टर्बाइनवर होते, आता ऐकू कमी येतं. गेलेल्या पेशी परत आणणारं औषध आलंय का?

अजून नाही. मोठ्या आवाजाने ऐकू कमी झालं तर कानाचा पडदा सहसा शाबूत असतो, बिघाड आतल्या कानाच्या शंखात. तिथे कानागणिक जेमतेम 15,000 केसपेशी (आवाज टिपणाऱ्या), मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत (कोंबडीत उगवतात!). त्या उगवाव्यात म्हणून काढलेलं एफएक्स-322 इंजेक्शन 2023 मध्ये चाचणीत नापास झालं. गाजलेला जनुक-उपचार ओटोफर्लिन या प्रथिनाच्या जन्मजात दोषापुरता आहे; तिथे पेशी असतात, संदेश पुढे जात नाही.

ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा. तिच्या आलेखात 4,000 हर्ट्झपाशी (आवाजाच्या त्या पट्टीला) खाच दिसली तर बहुधा आवाजाचाच मार. मग ऐकण्याचं मशीन, शक्यतो दोन्ही कानांना. तेल ओतू नका. ऐकू अचानक, दोन-तीन दिवसांत गेलं असेल तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत जास्त.