पॅप-ए कमी आलं म्हणजे बाळ आधीच येणार का?

बाराव्या आठवड्याच्या डबल मार्कर या रक्त तपासणीत पॅप-ए (वारेतून येणारं एक प्रथिन) ०.३८ एमओएम आलं, डाउन सिंड्रोमचा धोका कमी आहे, पण नात्यातल्या कुणी ‘आता सातव्यातच बाळंत होणार’ असं सांगितल्यापासून झोप उडाली आहे, असं तू लिहिलंयस. मी प्रसूती विभागात नर्स आहे. हा रिपोर्ट हातात धरून रडवेल्या झालेल्या मुली नेहमी बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

या आकड्यावरून बाळंतपणाची तारीख कळत नाही. पॅप-ए कमी असलेल्या बहुतेक जणींचे दिवस पूर्ण भरतात.

आधी लॅबचा फॉर्म काढून बघ. तुझ्याएवढेच आठवडे झालेल्या बायकांचा मधला आकडा १ धरून तुझा आकडा काढलेला असतो, त्यालाच एमओएम म्हणतात. बहुतेक ठिकाणी ०.४ च्या खाली आला तर कमी म्हणतात. त्यात वजन, जुळं, आयव्हीएफ, तंबाखू हे सगळं धरावं लागतं. वजन अंदाजे लिहिलं असेल किंवा आठवडे एनटी स्कॅनमधल्या (त्याच सुमाराच्या सोनोग्राफीतल्या) बाळाच्या लांबीऐवजी पाळीच्या तारखेवरून धरले असतील, तर हिशोब चुकतो. पॅप-ए या दिवसांत भराभर वाढतं, चार-पाच दिवसांच्या घोळानेही आकडा कमी दिसू शकतो.

आता मुख्य गोष्ट. ३७ आठवड्यांआधीची बाळंतपणं दोन तऱ्हेची. एकात कळा आपोआप येतात किंवा पाणी जातं. दुसऱ्यात आईचं बीपी वाढतं, बाळाची वाढ खुंटते, म्हणून डॉक्टरांनाच आधी बाळंतपण करावं लागतं. पॅप-ए वारेतून येतं आणि वारेच्या वाढीला हातभार लावतं. त्यामुळे ते कमी असेल तर दुसऱ्या तऱ्हेकडे लक्ष ठेवायचं. पहिल्या तऱ्हेबद्दल ते फारसं काही सांगत नाही.

म्हणून डॉक्टरांना विचार: बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि पॅप-ए एकत्र धरून मला प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजाराचा, धोका किती? जास्त असेल तर १६ आठवड्यांच्या आत कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला होता. मनाने मात्र गोळी घेऊ नकोस. शेवटच्या तीन महिन्यांत ग्रोथ स्कॅन (बाळाची वाढ बघणारी सोनोग्राफी) चुकवू नकोस.

आपोआप येणाऱ्या कळांसाठी आधीचं बाळंतपण कसं झालं हे सगळ्यात जास्त बोलतं. अ‍ॅनॉमली स्कॅनच्या (पाचव्या महिन्यात बाळाचे अवयव तपासणाऱ्या सोनोग्राफीच्या) वेळी आतून सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजायला सांग. २५ मिलिमीटर किंवा कमी भरली तर योनीमार्गातून प्रोजेस्टेरॉन देतात, आणि त्याचा खरंच फायदा होतो.

बाळ आधी येईल का हे सांगू पाहणाऱ्या नव्या रक्त तपासण्यांचंही विचारलंयस. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आईच्या रक्तातल्या आरएनएवरून (जनुकांचे संदेश नेणाऱ्या रेणूंवरून) तसा अंदाज बांधला, पण बायका मोजक्याच होत्या. माझं मत विचारशील तर तो पैसा नीट केलेल्या स्कॅनला ठेव.

३७ आठवड्यांआधी पोट राहून राहून कडक व्हायला लागलं, पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा डोकं फार दुखून डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. बाळाच्या फुप्फुसांसाठीची स्टिरॉइडची इंजेक्शनं वेळेत मिळाली तरच नीट लागू पडतात.