असिरियाचे (आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन साम्राज्य) राजे खरंच सिंहाशी लढायचे, की ती नुसती दरबारी बढाई होती?

लढायचे, पण बऱ्याचदा सगळी तयारी करून. निनवे (आजच्या इराकमधलं मोसुल) इथल्या अशुरबनिपाल राजाच्या राजवाड्यातली इ.स.पू. ६४५च्या आसपासची दगडी शिल्पं पाहा. सिंह पिंजऱ्यातून आणलेला असतो. पिंजऱ्यावरच्या छोट्या खुराड्यात बसलेला पोरगेला नोकर दार वर उचलतो (खरा धीट तोच, असं मला वाटतं). भोवती ढाली घेतलेल्या सैनिकांचं कडं, आणि मधे रथातून बाण सोडणारा राजा. म्हणजे शिकारीपेक्षा जाहीर सोहळाच. राज्याला छळणाऱ्या संकटाचा राजा नायनाट करतो, हे प्रजेला दाखवायचं. शेवटी मेलेल्या सिंहांवर मद्य ओतून देवतेला अर्पण करायचे.

बढाईही होतीच. त्याच्या आधीचा राजा अशुरनासिरपाल (दुसरा) याच्या कोरीव लेखात ४५० सिंह मारल्याचा दावा आहे!

शिल्पकाराची सहानुभूती मात्र कुठे होती कोण जाणे. पाठीत बाण घुसलेली एक सिंहीण मागचे लुळे पाय फरफटत पुढे सरकतेय, तोंड उघडं. ही शिल्पं आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इराकमधून सिंह केव्हाच संपले. आशियाई सिंह आज जंगलात उरलाय तो फक्त गुजरातेत, गीर आणि आसपास.