रिव्हॉल्व्हर देऊन मित्राचं पिस्तूल घ्यावं का?

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यात शेती करतो. माझ्या परवान्यावर दोन शस्त्रं आहेत. एक वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर झालेली बारा बोअरची बंदूक आणि दुसरं मी स्वतः घेतलेलं, सरकारी कारखान्यात बनलेलं .32 रिव्हॉल्व्हर. पुणे शहरात राहणाऱ्या माझ्या वर्गमित्राकडे .32 चंच परदेशी पिस्तूल आहे. त्याला रिव्हॉल्व्हर हवंय, मला पिस्तूल आवडलंय. मी वर थोडे पैसे द्यायचे आणि अदलाबदल करायची, असं बोलणं झालंय. तो म्हणतो, ‘दोघांकडे परवाने आहेत, बोअर एकच आहे. आधी आठ दिवस एकमेकांची वापरून बघू, पटलं तर कागद करू.’ हे चालेल का? आणि मुळात बदल करावा का?

उत्तर: आठ दिवस वापरून बघण्याचा बेत आजच रद्द करा. तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 2 मध्ये हस्तांतराची व्याख्या फार पसरट केली आहे. विकणं तर सोडाच, उसनं देणं, भाड्याने देणं किंवा नुसता ताबा सोडणंही तिच्यात बसतं. घेण्याच्या बाजूलाही तसंच: उसनं घेतलं तरी ते ‘संपादन’. म्हणजे ज्या संध्याकाळी तुम्ही रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात देऊन त्याचं पिस्तूल घेऊन घरी याल, त्या संध्याकाळी कायद्याच्या हिशेबाने अदलाबदल झालेली असेल, आणि तीही बिनकागदाची.

दोघांकडे परवाने आहेत हे खरं, पण परवाना म्हणजे वाहन चालवण्याचं लायसन्स नव्हे, की एकदा मिळालं आणि कोणतीही गाडी चालवली. त्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर म्हणजे नळीचं माप, क्रमांक असं सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या परवान्यावर नोंद नसलेलं पिस्तूल तुमच्या कपाटात सापडलं, तर कलम 3 चा, म्हणजे परवान्याशिवाय शस्त्र न बाळगण्याच्या नियमाचा, भंग झाला असंच धरलं जाईल. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची कैद आणि दंड आहे. कलम 5 मोडून हस्तांतर केल्याचा आरोप लागला तर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. मैत्रीखातर केलं, हा बचाव मी कोर्टात फार उत्साहाने मांडू शकणार नाही.

आता रीतसर मार्ग. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला द्यायला विक्रेत्याचा परवाना लागत नाही. कलम 5(2) तशी मुभा देतं, पण दोन अटींवर. एक, शस्त्र कोणाला देणार त्याच्या नाव-पत्त्यासह आपला इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचा. दोन, कळवल्यानंतर किमान 45 दिवस थांबायचं. ही सूचना तुम्हा दोघांनाही द्यावी लागेल, कारण हस्तांतरं दोन आहेत. तुमची साताऱ्यात जाईल, त्याची पुण्यात. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत जिल्हा दंडाधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त, हे लक्षात ठेवा, नाहीतर तुमचा मित्र अर्ज घेऊन पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन बसेल. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. सूचना न देता किंवा 45 दिवसांआधी शस्त्र दिलं तर कलम 25(3) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा 500 चा आकडा वाचून लोक निर्धास्त होतात. त्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

पण 45 दिवस उलटले म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. ही सूचना शस्त्र देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याच्या परवान्यात त्या शस्त्राला जागा हवी. तुमचा परवाना काढून बघा. शस्त्राच्या रकान्यात ‘रिव्हॉल्व्हर/पिस्तूल’ असं लिहिलं असेल तर काम सोपं. नुसतं ‘रिव्हॉल्व्हर’ असेल तर कलम 17 खाली परवान्यात बदल करून मागावा लागेल, आणि तो मंजूर होऊन लेखी हातात येईपर्यंत पिस्तुलाला हात लावायचा नाही.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती तुमच्या मित्राच्या लक्षात आलेली दिसत नाही. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रं ठेवता येत. डिसेंबर 2019 पासून ती मर्यादा दोनवर आली. तुमच्याकडे बंदूक आणि रिव्हॉल्व्हर मिळून दोन झालीच आहेत. पिस्तूल आधी आलं आणि रिव्हॉल्व्हर नंतर गेलं, तर मधल्या काळात तुम्ही तीन शस्त्रांचे धनी. मधला काळ एका दुपारचा असला तरी. त्यामुळे रिव्हॉल्व्हर आधी जाणार, तुमच्या परवान्यावरून त्याची नोंद कमी होणार, मगच पिस्तूल येणार. मित्राकडे एकच शस्त्र असेल आणि दुसऱ्याला मंजुरी मिळत असेल तर काही दिवस त्याच्याकडे दोन राहतील, ते चालतं. पण मग तेवढे दिवस तुम्ही रिकाम्या हाताने त्याच्या शब्दावर. म्हणून मी परवानाधारक शस्त्रविक्रेत्यामार्फत जायला सांगेन. पिस्तूल आधी त्याच्याकडे रीतसर जमा होऊ दे, पावती बनू दे, मग तुमचं रिव्हॉल्व्हर हलू दे. त्याचे पैसे जातील, जाऊ देत. वरची रक्कमही बँकेतूनच द्या, आणि दोन्ही शस्त्रांचे क्रमांक लिहून एक साधा करार करा.

पिस्तुलाबद्दल थोडं जास्त बोलतो. खासगी माणसांसाठी परदेशी हातबंदुकांची आयात ऐंशीच्या दशकापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे जुन्या परदेशी पिस्तुलांचा भाव त्यांच्या कामापेक्षा दुर्मीळपणावर चालतो. अशी वस्तू देशी रिव्हॉल्व्हर आणि ‘थोडे पैसे’ यांवर कोणी सोडत असेल, तर तो दिलदार असेलही, पण मी आधी कागद मागेन. ते पिस्तूल देशात कसं आलं? परदेशातून परतताना सोबत आणलेलं किंवा नेमबाज म्हणून आयात केलेलं असेल, तर पुढे विकण्यावर अटी असू शकतात. त्या आयातीच्या परवान्यावर वाचायच्या. मग पिस्तुलावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी परवान्याशी ताडून बघा. खाडाखोड वाटली तर तिथूनच परत फिरा. ओळखचिन्ह खोडलेलं शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडतं त्यानेच ते खोडलं असं कलम 8 गृहीत धरतं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. ते .32 च आहे ना, हेही बघा. नऊ एमएमचं निघालं तर तो प्रतिबंधित बोअर, जिल्हाधिकाऱ्याच्या हातातला विषयच नाही, त्याचे परवाने केंद्रीय गृह मंत्रालय देतं.

बदल करावा का? कोणतं शस्त्र सरस हे सांगणं वकिलाचं काम नाही. माझ्या बाजूने एवढं दिसतं की शेतावरच्या राखणीला तुमच्याकडे बंदूक आहेच, आणि रिव्हॉल्व्हर अडून बसल्याची तक्रार तुमच्या पत्रात नाही. नुसत्या आवडीसाठी दोन कार्यालयांतल्या फायली उघडायच्या, त्यावर पोलिसांचे अहवाल मागवले जायचे, निवडणूक लागली की शस्त्रं जमा करायच्या गडबडीत अर्ज पडून राहायचे. मी असतो तर रिव्हॉल्व्हरच ठेवलं असतं. तरीही मन ओढत असेल तर मित्राच्या परवान्याची आणि मूळ खरेदीची प्रत मागवा. ती द्यायला तो किती दिवस लावतो यावरून तुम्हाला बरंच कळेल.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. बोअर एकच म्हणून काडतुसं चालतील हा समज चुकीचा आहे. सरकारी कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरचं .32 काडतूस लांब आणि कडावाल्या बुडाचं असतं, .32 पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. म्हणून पिस्तुलाच्या काडतुसांचा कोटा परवान्यावर बरोबर लिहून घ्यावा लागेल. आणि रिव्हॉल्व्हर गेल्यावर त्याची उरलेली काडतुसं कपाटात ठेवायचा अधिकार तुम्हाला राहणार नाही. ती किती आहेत ते मोजून 45 दिवसांच्या त्याच सूचनेत लिहा आणि शस्त्राबरोबरच द्या, किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.