पेशंट हलवण्याआधी एवढं बघ
जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करता करता वॉर्डबॉयची रात्रपाळी धरलीस, फार चांगलं केलंस. पेशंट हलवण्याआधी हातावरच्या पट्टीवरचं नाव आणि आयपी नंबर (भरती पेशंटचा नंबर) केसपेपरशी स्वतः ताडून बघ. नुसतं ‘तुम्हीच पाटील ना?’ विचारू नकोस. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघूनच निघ, एक्सरेबाहेर थांबावं लागतंच. लघवीची पिशवी पेशंटच्या पोटावर कधीच ठेवायची नाही, मूत्राशयाच्या खाली राहू दे; नाहीतर लघवी उलटी चढते आणि संसर्ग होतो. छातीतल्या नळीची बाटलीही छातीच्या खालीच. हे पुस्तकात आहे, पण इथे ते हातात बसतं. उतारावर व्हीलचेअर उलटी, म्हणजे मागची चाकं पुढे ठेवून उतरव. परीक्षेच्या महिन्यात मात्र जादा पाळ्या घेऊ नकोस, इन्चार्ज सिस्टरांना आधीच सांगून ठेव.