नेपाळमध्ये 'थापा' आडनाव इतकं कॉमन का आहे? त्याचा अर्थ काय आणि सगळे थापा एकाच जातीचे असतात का?

नाही, सगळे थापा एकाच जातीचे नसतात. हे आधीच लिहून टाकते, कारण याच एका गोष्टीपायी माझ्या लग्नाची पत्रिका दोनदा प्रेसला गेली होती.

मी माहेरची पवार, पुण्याची, आणि सासरची थापा. नवरा नेपाळमधल्या स्यांजा जिल्ह्यातला, पोखराला लागूनच आहे तो. शिकायला पुण्यात आला आणि इथलाच झाला.

अर्थाचं म्हणाल तर आपल्याकडे देशमुख, फडणीस, पोतनीस कसे हुद्द्यावरून पडले तसंच तिकडेही आहे. भंडारी, अधिकारी ही नेपाळी आडनावं तर मराठी माणसाला फोडून सांगायलाही लागत नाहीत. थापा पण पश्चिम नेपाळच्या बाजूच्या जुन्या खस राज्यातल्या (खस म्हणजे नेपाळी बोलणाऱ्यांचे पूर्वज) अशाच एका लष्करी हुद्द्यावरून आलं असं सांगतात. माझे सासरे म्हणतात अर्थ कशाला पाहिजे, हाक मारली की वळून बघता आलं म्हणजे झालं. (सासऱ्यांना मी 'बुवा' म्हणते, नेपाळीत वडिलांना तसंच म्हणतात. माझ्या आईला पहिले सहा महिने वाटत होतं की ते कीर्तन करतात.)

तर पत्रिका. लग्न ठरलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त अस्वस्थ कोण, तर माझे फलटणचे मामा. त्यांचं म्हणणं, पै-पाहुण्यांना काय सांगायचं, थापा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सोसायटीचा गेट येतो. (वॉचमन असता तर काय बिघडलं असतं हे मी तेव्हा विचारलं नाही, आता विचारते.) मग त्यांनी चार दिवस मोबाईलवर संशोधन केलं आणि एका संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं की थापा म्हणजे छेत्री, छेत्री म्हणजे क्षत्रिय, म्हणजे आपल्यातलेच, आणि त्यात एक 'पुँवार थापा' म्हणून आहेत, पुँवार म्हणजे पवार, म्हणजे हे तर आपले भाऊबंदच निघाले की! इतके खुश मी त्यांना माझ्या दहावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं. मी म्हटलं, मामा, भाऊबंद निघाले तर देवक पण एकच निघेल, मग लग्न मोडायचं का? त्यावर ते पाणी प्यायला आत गेले.

पण हार मानली नाही. प्रेसवरून पत्रिकेचं प्रूफ आलं, पिवळा कागद, वर गणपती, त्यात नवऱ्याच्या नावापुढे मामांनी बॉलपेनने कंसात लिहिलं, 'छेत्री'. आणि ते प्रूफ त्याच दिवशी पुण्याला आलेल्या सासऱ्यांच्या हातात दिलं, नावं बरोबर आहेत का बघा म्हणून. मामा एक गोष्ट विसरले की नेपाळी पण देवनागरीतच लिहितात. बुवांनी चष्मा लावला, सगळी पत्रिका वाचली, अगदी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' सकट, मग खिशातलं स्वतःचं पेन काढून 'छेत्री' शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मगर'. अक्षर अगदी सुंदर. ते पाचव्या गोरखा रायफल्समधून हवालदार म्हणून रिटायर झालेत, रेघ सुद्धा फौजी. खोलीत कोणी बोलेना. मग मामाच म्हणाले, "मगर? म्हणजे… सुसरीसारखी?" आणि माझा भाऊ मागून, "हडपसरचे का? मगरपट्ट्याचे?"

ते मात्र नाहीत. हडपसरच्या मगरांचा आणि नेपाळच्या मगरांचा काही संबंध नाही, फक्त अक्षरं सारखी. नवऱ्याला दर महिन्याला एक तरी माणूस हे विचारतो.

आता नीट सांगते. थापा छेत्रींमध्ये आहेत आणि मगरांमध्येही आहेत, आणि हे दोन पूर्ण वेगळे समाज आहेत. छेत्री हे खस, मातृभाषा नेपाळी, जानवं घालणारे, त्यांच्या थापांमध्ये बगाले, गोदार, पुँवार अशा शाखा. मगर हे जनजाती, त्यांची स्वतःची भाषा आहे, सासूबाईंच्या बाजूला अजून बोलतात, आणि थापा, राणा, आले, पुन, घर्ती ही त्यांची कुळं. राणाचाही असाच घोळ आहे बरं का. ज्या राणांनी नेपाळवर शंभर वर्षं राज्य केलं त्यांचे पहिले जंगबहादुर, ते मुळात कुँवर, सत्ता हातात आल्यावर राणा लावायला लागले, त्यांचा आणि मगर राणांचा संबंध नाही.

कॉमन का, याचं अर्धं उत्तर इथेच आलं. २०२१ च्या जनगणनेत छेत्री १६.४५ टक्के आणि मगर ६.९ टक्के, म्हणजे एक नंबरचा आणि तीन नंबरचा समाज, आणि दोन्हीत हे आडनाव. उरलेलं अर्धं फौजेमुळे. गोरखा पलटणी देहरादून, धर्मशाला, शिलाँग जिथे जिथे राहिल्या तिथे थापा कुटुंबं राहिली, म्हणून तुम्हाला ते भारतातही सगळीकडे दिसतात.

आणि मोठी माणसं दोन्हीकडची आहेत. भीमसेन थापा, ज्यांनी १८०६ ते १८३७ नेपाळचा कारभार चालवला आणि काठमांडूचा धरहरा हा उंच मनोरा बांधला (१९३४ च्या भूकंपात पडला, परत बांधला, तो २०१५ च्या भूकंपात पुन्हा पडला), ते बगाले थापा, म्हणजे छेत्री. कुलबीर थापा, १९१५ साली फ्रान्समध्ये स्वतः जखमी असताना जर्मन खंदकामागे पडलेल्या एका ब्रिटिश सैनिकाजवळ दिवसरात्र थांबले, त्याला बाहेर काढलं, आणखी दोन गुरख्यांना आणलं, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे पहिले गुरखा, ते मगर. मी हे मामांना सांगितलं तेव्हा म्हणाले, मग आधी सांगायचं ना! म्हणजे क्रॉस मिळाला असेल तर मगर चालतो.

हे मला पटत नाही, आजही नाही. आडनाव ऐकलं की मनातल्या मनात जातीचा खण उघडायचा, ही आपल्याकडची खोड फार वाईट आणि त्यात ती चुकतेसुद्धा. पवार घ्या की, मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत, पारध्यांत आहेत. जाधव, गायकवाड तेच. हे फलटणच्या माणसाला माहीत नाही असं होऊच शकत नाही, पण ते फक्त स्वतःच्या आडनावाला लावायचं नसतं.

मामांना शेवटी कुणी जिंकलं असेल तर बुवांनीच. साखरपुड्याच्या जेवणात बोलता बोलता कळलं की सासूबाई म्हणजे बुवांच्या सख्ख्या मामाची मुलगी. मगरांमध्ये ती पहिली पसंती असते. मामा घास हातात धरून म्हणाले, "अहो, आमच्याकडे पण मामाची मुलगी करतात!" छेत्रींमध्ये साधारणपणे करत नाहीत. म्हणजे चार दिवस मोबाईलवर शोधलेलं नातं खोटं ठरलं आणि आपलेपणा भलतीकडूनच निघाला.

एक राहिलं, कागदावरून ओळखायला जाऊ नका. बरेच मगर नुसतं 'थापा' लिहितात, काही 'थापा मगर' लिहितात, नवऱ्याच्या पासपोर्टवर नुसतं थापा आहे आणि दिराच्या पासपोर्टवर थापा मगर, एकाच आईबापाची पोरं. आणि मी लिहिलंय ते आमच्या स्यांजा-पाल्पाकडचं, रोल्पा-रुकुमकडच्या मगरांची भाषा आणि रीत दोन्ही वेगळं आहे, तिकडच्या कुणी मला कॉमेंटमध्ये झापू नये.

आणि 'थापा मारता का' हा जोक आमच्याकडे बँकेच्या काउंटरपासून बारशापर्यंत सगळीकडे होऊन गेलाय. नवीन काही असेल तरच टाका.